फी माफ केली की उच्च शिक्षण सगळ्यांना मिळतं का?

नाही, नुसत्या फी माफीने भागत नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत 2014 पासून जवळपास कुठेच ट्युशन फी नाहीये, पण तिथे मुलं दहा-बारा वर्षांची असतानाच वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, मग कमी शिकलेल्या आईबापांची बरीच मुलं विद्यापीठापर्यंत पोचतच नाहीत, आणि राहण्याखाण्याचा खर्च असतोच की. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये वेगळं केलं, आधी शिका, कमाई ठराविक रकमेच्या वर गेली की टॅक्समधून फेडा, हे मला जास्त पटतं.

मुक्त विद्यापीठाचं मॉडेल सगळ्यात उदार, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत बहुतेक पदवी कोर्सना आधीचे मार्क लागत नाहीत. पण नोकरी, घर सांभाळून शिकताना मधेच सुटतं खूप जणांचं, त्यामुळे चांगले ट्यूटर हवेतच.