पीडब्ल्यूएम उलटा येतोय: ड्यूटी शंभरातून वजा करू की पिनच्या कॉन्फिगरेशनमध्येच उलटवू?

तुमचा एलईडी ३.३ व्होल्ट आणि पिन यांच्या मधे आहे, म्हणजे पिन लो (शून्य व्होल्ट) झाली की तो पेटतो. चिप नॉर्डिकची एनआरएफ ५२८३२, वर झेफर ही छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम. पीडब्ल्यूएम म्हणजे पिन भराभर हाय-लो करून उजेड कमी-जास्त करणं, आणि ड्यूटी म्हणजे त्यात पिन किती टक्के वेळ हाय राहते ते. ड्यूटी शून्य दिली की एलईडी फुल पेटतो, म्हणून कोडमध्ये 'शंभर वजा ड्यूटी' करावं का, असं विचारलंय. शिवाय कमी ड्यूटीला तो लुकलुकतो.

वजाबाकी करू नका. एवढंच लिहून थांबलो असतो, पण याच वजाबाकीने माझा एक शनिवार खाल्लाय.

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही कॅन्टीनसाठी डबे गरम ठेवणारी प्लेट बनवत होतो. २४ व्होल्टचा हीटर, मधे ऑप्टोकप्लर (आतल्या एलईडीच्या उजेडाने चालू होणारा स्विच), तापमान फोनवरून ब्लूटूथने. चिप हीच, पण तेव्हा झेफर नाही, नॉर्डिकच्या जुन्या एसडीकेवर (कंपनीची कोडची लायब्ररी). ऑप्टोचा एलईडी तुमच्यासारखाच सप्लायकडून पिनकडे जोडलेला: पिन लो झाली की हीटर चालू. मी आमच्या सरांना (गाळ्यातले वरिष्ठ) म्हटलं, पिन नंबरसोबत इन्व्हर्टेडचा फ्लॅग देऊ आणि ड्यूटीच्या आकड्यातला पोलॅरिटीचा बिट बदलू. सर म्हणाले, "अरे, शंभरातून वजा कर, दोन मिनिटांचं काम." केलं. ऑसिलोस्कोपवर चौकोनी लाटा अगदी सुंदर दिसल्या.

शुक्रवारी रात्री प्लेट टेबलावर थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवली होती. थर्मल कट-ऑफ अजून बसवायचाच होता. मी बॅग उचलली, अडॅप्टर चालूच राहिला, आणि लोकल पकडायला निघालो. फोन खिशात. फोन लांब गेला तसं कनेक्शन तुटलं, आणि कनेक्शन तुटल्यावर पीडब्ल्यूएम अनइनिट करायचा (पूर्ण बंद करून पिन सोडायची) असं मीच लिहून ठेवलेलं. पीडब्ल्यूएमचा ब्लॉक सुटला की पिन जीपीआयओच्या, म्हणजे साध्या इनपुट-आउटपुटच्या, आउट रजिस्टरकडे जाते. त्यात होता शून्य. म्हणजे लो. म्हणजे हीटर फुल!

सकाळी शटर उघडलं तर वास. प्लेट थर्माकोलमध्ये बोटभर खाली रुतलेली, कडेला पांढरा रस वाहून कडक झालेला, आणि टेबलाच्या सनमायकाला चौकोनी फोड. आग लागली नाही, ते नशीब.

सर तरी म्हणतात, "अनइनिटनंतर एक ओळ घाल, पिन हाय कर." अहो, एक ओळ कुठे कुठे घालायची? पीडब्ल्यूएम इनिट (तयार) झाल्यापासून पहिली लाट सुरू होईपर्यंतही पिन लोच होती. रोज पॉवर देताना हीटरला एक झटका बसायचा, तो आम्हाला दिसला नव्हता इतकंच. वजाबाकी फक्त लाट उलटवते. लाट थांबल्यावर पिन कुठे बसणार, ते तिला माहीत नसतं. सरांची सवय आली ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरमधून. तिथे रिसेटनंतर सगळे पोर्ट हायच असतात आणि पिन करंट देण्यापेक्षा खेचण्यात तगडी, त्यामुळे लोवर चालू होणारी जोडणी तिथे बरोबरच होती. सरांच्या सर्किटवर माझा आक्षेप नव्हताच. आक्षेप वजाबाकीवर होता आणि आजही आहे.

झेफरमध्ये दोन जागी सांगावं लागतं. डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरची जोडणी लिहायची फाइल) पिनकंट्रोल नोडमध्ये त्या पिनच्या गटात 'नॉर्डिक,इन्व्हर्ट' घाला. त्याने लाट सुरू व्हायच्या आधीची पातळी हाय होते. आणि पीडब्ल्यूएमच्या ओळीत पोलॅरिटीचा फ्लॅग नॉर्मलऐवजी इन्व्हर्टेड करा, त्याने लाट उलटते. मग कोडमध्ये शून्य म्हणजे बंद. आधीची वजाबाकी काढायला विसरलात तर पुन्हा उलटं होईल.

तुमचा नुसता एलईडी असेल तर वजाबाकीने कुणाचं काही जळणार नाही, हे कबूल. पण उद्या त्याच पिनवर मोटर किंवा हीटर लावाल. आणि रिसेटमध्ये पिन तरंगते, तेव्हा कॉन्फिगरेशन लागूच झालेलं नसतं; ऑप्टो किंवा एलईडी असा जोडलेला असेल तर तो बंदच राहतो, पण पी-चॅनल मॉसफेटचं गेट थेट पिनवर असेल तर सोर्सकडे पुल-अप रेझिस्टर (गेट हाय ओढून मॉसफेट बंद ठेवणारा) हवाच. तो सॉफ्टवेअरने येत नाही.

लुकलुकण्याचं: पीरियड (एका लाटेचा वेळ) किती ठेवलाय ते लिहिलं नाहीत. २० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला ५० वेळा, डोळ्याला जाणवणारच. एक मिलिसेकंद करून बघा.