स्पाइक गार्ड असूनही टीव्ही आणि राऊटर का जळले?

प्रश्न थोडक्यात असा: गंगाखेडजवळच्या गावात वळवाच्या वादळात लाईट गेली. परत आली तेव्हा बल्ब भगभगले, पंखे सुसाट फिरले, आणि टीव्ही, राऊटर व कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला. स्पाइक गार्ड लावलेला होता. आता मोठा यूपीएस घेतला तर भागेल का?

नुसत्या यूपीएसनं भागणार नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं न्यूट्रल, म्हणजे करंट परत जाण्याची तार, गेल्याची आहेत. डीपीकडून (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणारी न्यूट्रल तार तुटली किंवा तिचा जॉइंट ढिला झाला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात. त्यांच्यात ४०० च्या आसपास व्होल्ट वाटले जातात आणि ज्या घरात कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त येतात, अगदी ३५० सुद्धा. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) जास्त करंट ओळखते, जास्त व्होल्टेज नाही, म्हणून ती पडत नाही. स्पाइक गार्डमधला एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारा छोटा भाग, सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता झटका गिळायला असतो. तेवढं व्होल्टेज मिनिटभर टिकलं, की तो स्वतःच तापून जळतो. असं पुन्हा दिसलं तर आधी मेन बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

यावर खरा इलाज ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. मेन स्विचनंतर बसवा, घराच्या भाराप्रमाणे ४० किंवा ६३ अँपिअरचा. वरची मर्यादा २७०, खालची १७० व्होल्ट आणि परत जोडायचा वेळ १८० सेकंद ठेवा. लाईट आल्यावर पहिली काही मिनिटं ती ये-जा करते, तो धक्का टळतो आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही उसंत मिळते.

आकाशातल्या विजेच्या झटक्यापुढे मात्र हा प्रोटेक्टर हळू पडतो. त्यासाठी टाइप २ चा एसपीडी (झटका अर्थिंगकडे वळवणारं, मेन बोर्डात बसवायचं उपकरण) वेगळा हवा, ४० किलोअँपिअरचा. त्याच्या तारा मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत, नाहीतर झटका तारेतच अडतो आणि उरलेलं व्होल्टेज घरात शिरतं. एसपीडीच्या खिडकीतली हिरवी खूण लाल झाली, की कार्ट्रिज बदला.

एसपीडीचं काम अर्थिंगवर उभं आहे, आणि आपल्याकडे तिथंच घात होतो. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पुरलेल्या सळईपासून (इलेक्ट्रोडपासून) सुटते. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात नियमित पाणी सोडा. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, खराब अर्थिंगवरही तो फेज-अर्थ २३० दाखवू शकतो. वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. आणि कोणी सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थ जोडून देत असेल, तर त्याला हात लावू देऊ नका. तसं केल्यावर न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरतो.

आभाळ गडगडायला लागलं की प्लग उपसा. बटण बंद करून फक्त फेज तुटतो. डिशची केबल आणि बाहेरून आलेली लॅन वायरही काढा. फायबरच्या काचेतून झटका येत नाही, पण राऊटरच्या अडॅप्टरमधून येतो. वीज पडण्याची पूर्वसूचना पुण्याच्या आयआयटीएमच्या 'दामिनी' ॲपवर मिळते.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा, ३६० वॅटचा घेतला तरी आत १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते. १५० वॅटच्या कॉम्प्युटरला साधारण १०-१५ मिनिटं मिळतात. ती फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यासाठी आहेत, काम उरकायला नाहीत. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर केबल जोडून आपोआप शटडाउन लावून ठेवा. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. तो तापताना इतका भार ओढतो की यूपीएस बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवायचा तर मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा.

डेटाबाबत एक चूक सर्रास होते: बॅकअपची हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरलाच लावलेली. एकाच झटक्यात मूळ आणि प्रत दोन्ही जातात. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा, दुसरी प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. महिन्यातून एकदा त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.