सुरुवात ‘मुवत्ता’पासून करा

हदीसचे, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींचे, जुने लिखित संग्रह वाचायचं ठरवलंत, फार छान केलंत. बहुतेक जण थेट इमाम बुखारींचा संग्रह ‘सहीह बुखारी’ उघडतात आणि लेखन तिथूनच सुरू झालं असं धरून चालतात. बुखारींचं निधन इ.स. 870 चं, मदिनेचे इमाम मालिक 795 मध्येच वारले होते. म्हणून आधी मालिक यांचा ‘मुवत्ता’ हा संग्रह घ्या. मांडणी विषयवार आहे: नमाज, जकात (सक्तीचं धार्मिक दान), विवाह, खरेदी-विक्री. एका वेळी एकच प्रकरण वाचा.

दोन गोष्टी सांभाळा:

- इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी, गाळू नका. नावं आधी जड जातात, पण तीच तीच परत येतात. मालिक, नाफे, इब्न उमर ही तर लवकरच ओळखीची होतील.
- प्रत्येक ओळ पैगंबरांचीच समजू नका. ही गफलत सर्रास होते. ‘मुवत्ता’त सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची, मतं, मदिनेचा रिवाज आणि खुद्द मालिक यांचे निर्णयही आहेत.

मग हम्माम इब्न मुनब्बिह यांचा छोटा सहीफा (हदीसची वही) वाचा: पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांच्याकडून ऐकलेल्या जेमतेम 138 हदीस. हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह यांनी दमास्कस आणि बर्लिनच्या हस्तलिखितांवरून तो प्रकाशात आणला. मोठे मुसन्नफ (विषयवार संग्रह) आणि रावींची, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांची, पारख सध्या राहू द्या.