जुन्या सिव्हिकला जंकयार्डातला मागचा बार: लावा, पण आधी मागच्या टोचे आकडे कागदावर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९८ ची होंडा सिव्हिक एलएक्स सेडान, मागे स्वे बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) नाही, एक्झिटच्या गोल रॅम्पवर गाडी कलते आणि तोंड बाहेर पळतं. दीडशे डॉलरच्या आत जंकयार्डातून होंडाच्याच इंटेग्रा गाडीचे पार्ट आणून लावावेत का? आणि अगदी शेवटी सहज लिहिलंय की मागचे टायर आतल्या कडेने खाल्लेत, पण 'अलाइनमेंट झालेली आहे', म्हणजे चाकांचे कोन लावून झालेत. त्यातलाच एक कोन म्हणजे टो: चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते.

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. माझ्याकडे याच पिढीची सेडान होती, मीही पेनसिल्व्हेनियातच राहतो. बार, आर्म, ब्रॅकेट, नवी रबरं या सगळ्याला मिळून जेवढे पैसे गेले, त्याच्या कितीतरी पट त्या 'झालेल्या' अलाइनमेंटपायी गेले.

मी मेकॅनिक नाही, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे. खाली लिहितोय ते माझ्या गाडीवर स्वतः केलेलं आहे. तुमच्या गाडीखाली किती गंज आहे ते मला इथून दिसत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट मॅन्युअलशी ताडून घ्या. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

तर बार लावा. १९९६ ते २००० च्या सिव्हिकला चारही चाकांना डबल विशबोन (वर एक, खाली एक आर्म असलेलं) सस्पेन्शन आहे. २००१ पासून होंडाने पुढे साधे स्ट्रट दिले. म्हणजे मूळ रचना उत्तम आहे, तुमच्या मॉडेलमध्ये फक्त मागचा बार दिलेला नाही. मागे बार आला की वळणावर वजनाच्या सरकण्याचा जास्त वाटा मागची चाकं उचलतात, पुढच्या बाहेरच्या टायरवरचा ताण हलका होतो आणि तोंड बाहेर पळणं कमी होतं. १९९९-२००० च्या सिव्हिक एसआयला कारखान्यातूनच १३ मिलिमीटरचा मागचा बार होता. एसआय जंकयार्डात आली तर पहिल्या दिवशीच तिची हाडं उरतात, म्हणून लोक १९९४ ते २००१ ची इंटेग्रा शोधतात. साध्या इंटेग्राचा बारही साधारण त्याच जाडीचा असतो.

काय काढायचं? बार, त्याचे दोन्ही ब्रॅकेट बोल्टांसकट, आणि दोन्ही मागच्या लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे). तुमच्या आर्मला बारची लिंक अडकवायचा कान नसेल, इंटेग्राच्या आर्मला असतो. पैसे देण्याआधी त्या आर्मच्या भोकांचं अंतर आणि बुशची (सांध्यातल्या रबराची) रुंदी, तुमच्या आर्मची मापं लिहून नेलेल्या कागदाशी जुळवा. लिंक आणि रबरी बुश मात्र नवे घ्या, स्वस्त असतात. जुने शॉकअप कितीही चकचकीत दिसले तरी आणू नका. किती चाललेत ते कळायला मार्ग नाही.

कुणीतरी तुम्हाला टाइप आर या स्पोर्टी इंटेग्राचा २२ मिलिमीटरचा बार घ्या म्हणून सांगेलच. नको. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. दोन्ही बार भरीव धरले तर १३ च्या जागी २२ म्हणजे जवळपास आठपट. साध्या सिव्हिकच्या मागच्या पत्र्याला तो भार झेपत नाही; आधाराची जास्तीची प्लेट न लावता बसवलेल्या बारांनी माउंटजवळचा पत्रा फाडल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पोखरलेल्या पत्र्याचं तर बोलायलाच नको. शिवाय ओल्या रॅम्पवर ॲक्सिलरेटरवरून अचानक पाय उचललात तर मागचा भाग सुटेल. जानेवारीत कामावर जायची गाडी आहे ही.

जंकयार्डाबद्दल एकच सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतो तसं इथे नसतं. दारात दोन-तीन डॉलर द्यायचे, हत्यारं आपली, पार्ट आपणच काढायचा, आणि आर्म कुठल्याही गाडीची असो, भाव बोर्डावर लिहिलेला. त्यामुळे कमी गंजलेली गाडी शोधण्यात वेळ घालवा, भावात नाही. लोअर आर्मचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. लांब दांड्याचा पाना, १४ आणि १७ चे सॉकेट, गंज सोडवायचं तेल न्या. बोल्ट फिरतोय पण रबर पिळवटतंय असं दिसलं की ती गाडी सोडा, पुढची बघा. घरी बसवताना रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना शेवटचे आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता मुख्य गोष्ट.

माझ्या गाडीचा बार बसला, गाडी छान वळायला लागली. नियमाप्रमाणे अलाइनमेंटला एका मोठ्या टायरवाल्या साखळी दुकानात नेली. स्वच्छ वेटिंग रूम, मोठा स्क्रीन. तासाभराने काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, 'ऑल सेट.' मोजमापाचा कागद मागितला तर प्रिंटर बंद आहे म्हणाला. काही महिन्यांत मागचे दोन्ही टायर आतून खाल्ले गेले. पुन्हा गेलो. त्यांनी नवे टायर विकले, अलाइनमेंट पुन्हा केली, पुन्हा 'ऑल सेट'. कागदासाठी हट्ट धरला तेव्हा मिळाला, आणि त्यात पुढचे आकडे हिरवे, मागचे दोन्ही टो लाल. हे लाल का, असं विचारलं तर मॅनेजर शांतपणे म्हणाला, 'या गाडीला मागचा टो ॲडजस्ट होत नाही, सर. जंकयार्डाचे पार्ट लावल्याचा परिणाम आहे.'

हे धादांत खोटं होतं, आणि त्याची चीड मला आजही येते. या गाडीला मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) कारखान्यातून ॲडजस्ट होत नाही हे खरं. पण मागचा टो होतो. ट्रेलिंग आर्मच्या (मागच्या चाकापासून पुढे जाणाऱ्या लांब आर्मच्या) पुढच्या टोकाजवळ एक छोटी कॉम्पेन्सेटर आर्म असते, तिचा आतला बोल्ट लांबट खाचेत बसतो. तो सैल करायचा, आर्म सरकवायची, पुन्हा आवळायचा. होंडाच्या मॅन्युअलमध्ये हे काम सरळ दिलेलं आहे. माझ्या गाडीचा तो बोल्ट गंजून बसला होता, आणि तो सोडवण्यात त्यांचा तास गेला असता. एवढंच कारण. बोल्ट गंजलाय, वेगळे पैसे पडतील, असं सांगितलं असतं तर मी आनंदाने दिले असते. त्याऐवजी त्यांनी पैसे घेतले, काम केलं नाही, दोष माझ्या पार्टांवर टाकला आणि टायर विकत राहिले. मुख्य कार्यालयाला लिहिलं, तर उत्तर आलं की तुमची तक्रार त्याच शाखेकडे पाठवली आहे.

दरम्यान बिघडलेल्या टोवरच बार काम करत होता, म्हणून पावसात गाडी मागून डळमळायची. मला वाटायला लागलं की बारच चुकीचा आहे, आणि तो काढायच्या बेतात होतो.

शेवटी गावाबाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या माणसाने गाडी लिफ्टवर घेतली आणि मशीन लावायच्याही आधी पहारीने मागचे ट्रेलिंग आर्म हलवून दाखवले. दोन्हीकडचे मोठे बुश फाटलेले होते. या पिढीच्या सिव्हिक-इंटेग्राचं हे ठरलेलं दुखणं आहे. बुश फाटला की ब्रेक मारताना आणि वळताना चाकाचा टो आपोआप बदलतो, मग स्क्रीनवर काहीही दिसो. त्याने नवे बुश प्रेसने बसवले, कॉम्पेन्सेटरचे बोल्ट कापून नवे घातले, मग मागचा टो लावला, आणि मग पुढचा. क्रम हाच हवा, कारण पुढची चाकं मागच्या चाकांच्या रेषेला धरून लावायची असतात. त्या दिवसापासून टायर सरळ झिजले. बार तोच होता.

म्हणून तुम्हाला माझं ठाम मत, पटलं तर घ्या: दीडशे डॉलरमधला पहिला डॉलर बारवर खर्च करू नका. गाडी वर घेऊन ट्रेलिंग आर्मचे बुश बघा. रबराला आरपार चीर दिसली तर आधी ते काम करा. मजुरी धरून तुमचं बजेट ओलांडेल, पण दोन टायरांचा खर्च त्यातून सुटतो. बार पुढच्या महिन्यात आणा, इंटेग्रा कुठे पळून जात नाहीत. अलाइनमेंटवाल्याला गाडी देण्याआधी विचारा की मागचा टो कसा लावता. 'होत नाही' म्हणाला तर किल्ली परत घ्या. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि 'आयुष्यभर अलाइनमेंट' पॅकेज घेऊ नका. पैसे आधीच मिळालेले असले की गंजलेल्या बोल्टवर घाम गाळायची कुणाला गरज उरत नाही, हे मी पाहिलंय. सगळीच मोठी दुकानं अशी असतात असं म्हणत नाही, चांगला तंत्रज्ञ कुठेही भेटू शकतो.

मॅन्युअल विकत घ्यायची घाई करू नका. अमेरिकेतली बरीच सार्वजनिक ग्रंथालयं सभासदांना गाडीदुरुस्तीचे ऑनलाइन डेटाबेस फुकट वापरू देतात. तुमच्या ग्रंथालयात विचारा. टोचे आणि टॉर्कचे (बोल्ट किती आवळायचा त्याचे) आकडे तिथूनच घ्या, माझ्यासकट कुणाच्याही आठवणीतून नाही.

आता एक करा. तुमच्या त्या 'झालेल्या' अलाइनमेंटचा कागद असेल तर त्याचा फोटो टाका, नसेल तर दुकानातून मागून घ्या. सोबत दोन्ही ट्रेलिंग आर्म बुशचे खालून काढलेले फोटो, आणि कॉम्पेन्सेटरच्या आतल्या बोल्टचा एक. ते बघितल्यावर बार आत्ता आणायचा की नंतर, ते सांगतो.