आईवडील एकटे राहतात. त्यांच्या फोनमध्ये इमर्जन्सीसाठी कुणाचा नंबर ठेवावा? लॉक ठेवावं का?

जो जवळ राहतो त्याचा. थोरल्याचा नव्हे.

आमच्याकडे यावरून महाभारत झालंय. बाबा रामबागेत, मी सुदामानगरात, दादा पुण्याला. दिवाळीत इंदूरला आला तेव्हा दादानं बाबांच्या फोनला लॉक लावलं आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये फक्त स्वतःचं नाव घातलं. का, तर "मी थोरला आहे ना." माझं नाव नंतर घालू म्हणाला. ते नंतर काही उजाडलं नाही.

पुढे बाबा खजुरी बाजारात नातीच्या वह्या घ्यायला गेले आणि त्यांची शुगर एकदम उतरली. दुकानाच्या पायरीवरच बसले. दरदरून घाम, बोलणं अडखळत. दुकानदार हुशार, त्यानं लॉक स्क्रीनवरचं 'इमर्जन्सी' दाबून नंबर शोधला. पण लागला कुठे? पुण्याला! साहेब मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. मिस्ड कॉल बघितल्यावर घाबरले आणि तिथूनच १०८ लावला. तो अर्थातच महाराष्ट्रात लागला. ११२ चंही तेच, ज्या राज्यातून लावाल तिथल्याच कंट्रोल रूमला जातो. इकडे दुकानदारानं साखरपाणी पाजलं, बाबा सावरले आणि माझा नंबर तोंडपाठ सांगितला. मी स्कूटीवरून पोचले तर हे त्यालाच होळकरांचा इतिहास ऐकवतायत!

दादा अजूनही म्हणतो, "मीटिंग नसती तर उचललाच असता." उचलून काय करणार होतास, बाबा रे?

लॉक ठेवाच, पैशांचे व्यवहार फोनवर असतात. लॉक असलं तरी ११२ लागतो. रक्तगट, आजार, औषधं इमर्जन्सी माहितीत भरा आणि ती लॉक स्क्रीनवर दिसेल ही सेटिंग चालू करा. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण भराभर दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो; कुठे तीनदा, कुठे पाचदा, ते आपल्या फोनमध्ये बघून घ्या. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. खिशात चुकून दाबलं जातं हेही खरं. आणि हो, साखरपाणी माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तरच. नाहीतर सरळ १०८.

थोरल्यांचा नंबर दुसरा ठेवा, हरकत नाही. थोरलेपण मिरवायचंच असेल तर औषधांचं बिल भरा म्हणावं, ते पुण्यातूनही भरता येतं.