चामखीळ ‘मुळासकट’ निघते का?

चामखीळ, मस आणि कुरूप हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि ‘चामखीळ मुळासकट काढली’ असं म्हणणं बरोबर का, असा प्रश्न आहे.

चामखीळ म्हणजे चाम अधिक खीळ. संस्कृतातला शब्द चर्मकील. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, प्रकरणात तो येतो: त्वचेवर बाहेर उगवणारे, खिळ्यासारखे घट्ट कोंब. शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून अनेकवचन चामखिळी आणि सामान्यरूप चामखिळीला, चामखिळीवर. दोन्हींत खि ऱ्हस्व.

मस म्हणजे उंच, काळसर तीळ. त्याचा रंग किंवा आकार बदलू लागला तर घरी काहीही न करता तो डॉक्टरांना दाखवावा. कुरूप, म्हणजेच भोवरी, सततच्या दाबाने किंवा घर्षणाने होतं. तळपायावर मात्र चामखीळही होते आणि तिथे घोटाळा होतो. साधारणपणे वरून दाबल्यावर दुखतं ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते ती चामखीळ. शिवाय त्वचेच्या रेषा कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीपाशी तुटतात.

आता ‘मुळासकट’. खीळ म्हटलं की आत रुतलेलं टोक डोळ्यांसमोर येतं, आणि हा वाक्प्रयोग त्यातूनच रुजला असावा. पण चामखिळीला मूळ नसतं. ती एचपीव्ही या विषाणूमुळे होते आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच वाढते. तिच्यात दिसणारे काळे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. लोक ते ‘मूळ’ समजून ब्लेडने कोरतात. त्याने जखम होते आणि विषाणू शेजारच्या त्वचेत पसरतो. म्हणून हा शब्दप्रयोग मला नुसता चुकीचा नाही, घातक वाटतो. नुसतं ‘काढली’ म्हणावं.

क्रियापदं मात्र मराठीत छान आहेत आणि उपचारांना नेमकी बसतात. विजेच्या उपकरणाने चामखीळ जाळतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गोठवतात. त्याच्या बहुधा काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. घरी सॅलिसिलिक आम्ल लावून ती झिजवता येते: कोमट पाण्यात भिजवायची, मऊ झालेला थर घासायचा, मग औषध. हे रोज, कधीकधी १२ आठवडे. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर ते लावू नये, आणि मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. लसूण आणि व्हिनेगर यांनी कातडी भाजते, तेव्हा ते नकोच.

‘पाडणे’ हे क्रियापद दोरा बांधण्याशी जोडलं गेलं आहे. मानेवर किंवा काखेत लोंबणाऱ्या मऊ, देठाच्या गाठीलाही आपण चामखीळच म्हणतो, पण ती विषाणूची नव्हे. इंग्रजीतून आलेला ‘स्किन टॅग’ हा शब्द तिथे उपयोगी आहे, तो वापरायला माझी हरकत नाही. दोरा बांधल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. डॉक्टर ती गाठ काही मिनिटांत काढतात.

आणि एक सुंदर क्रियापद राहिलं, जिरणे. मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत काहीही न करता जिरतात.