वुपरटाल: एका नदीकाठच्या कारखानदार शहराविषयी

जर्मनीतील वुपरटाल या शहरात नदीवरून लोंबकळत धावणाऱ्या रेल्वेखेरीज जाणून घेण्यासारखे काही आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की ती रेल्वे तेथे का आली हे समजून घेतले, की शहरही बरेचसे उलगडते.

वुपर ही काही मोठी नदी नव्हे. तिची दरी अरुंद आहे. पण तिच्या पाण्यात चुना कमी असल्याने सूत धुऊन पांढरे करण्यास ते उत्तम ठरले. काठच्या कुरणांवर सूत पसरायचे, लाकडी पळ्यांनी त्यावर नदीचे पाणी शिंपडायचे, ते उन्हात वाळू द्यायचे आणि पुन्हा शिंपडायचे, असा हा चिकाटीचा उद्योग होता. 1527 मध्ये तेथील ड्यूकने त्याचा मक्ता आज वुपरटालमध्येच मोडणाऱ्या एल्बरफेल्ड आणि बार्मेन या दोन गावांना दिला. पांढऱ्या सुतामागोमाग विणकाम आले, रंगारी आले आणि ज्या पाण्याच्या स्वच्छतेवर सारे उभे होते, तेच पाणी नासले. 1820 मध्ये बार्मेनच्या एका गिरणीमालकाच्या घरी जन्मलेल्या फ्रीडरिश एंगेल्सने, म्हणजे कार्ल मार्क्सच्या सहकाऱ्याने, एकोणिसाव्या वर्षीच लिहून ठेवले आहे, की नदी लाल दिसते ती रंगाच्या कारखान्यांमुळे. भांडवलदारांवरील त्याच्या रागाचे मूळ तो पुढे जेथे राहिला त्या इंग्लंडमधील मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात शोधणाऱ्यांनी आधी हा काठ पाहावा, असे मला वाटते.

रंगातून रसायने आली. बायर कंपनी 1863 मध्ये बार्मेनमध्ये निघाली ती कृत्रिम रंग बनवण्यासाठी. ॲस्पिरिन मात्र 1897 मध्ये तिच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि खोकल्यावरचे औषध म्हणून विकले गेलेले हेरॉईनही (हे तेथे फारसे अभिमानाने सांगितले जात नाही) त्याच वर्षी, त्याच ठिकाणी.

एव्हाना दोन्ही शहरे दरीत लांबवर पसरून एकमेकांना भिडली होती. रस्ते चिंचोळे, जमिनीखाली खडक आणि पाणी. मोकळी जागा उरली होती ती नदीच्या वर. म्हणून कलोनचे अभियंते ऑयगेन लांगेन यांची टांगती रेल्वे स्वीकारण्यात आली आणि 1901 मध्ये ती सुरू झाली. मुंबईची मोनोरेल तुळईवर बसून चालते. येथे डबा रुळाखाली टांगलेला असतो आणि वळणावर चांगलाच झुलतो. एकूण 13.3 किलोमीटरपैकी सुमारे 10 किलोमीटर मार्ग नदीवरून, पाण्यापासून सुमारे 12 मीटर उंचीवरून जातो. 1950 मध्ये जाहिरातीसाठी चढवलेले सर्कशीतले टुफी नावाचे हत्तीचे पिल्लू बिथरून डब्यातून थेट नदीत पडले आणि किरकोळ खरचटण्यावर बचावले.

वुपरटाल ही नगरपालिका मात्र या रेल्वेहूनही तरुण आहे. 1929 मध्ये ही दोन शहरे आणि आसपासची गावे एकत्र करून ती स्थापन झाली. कापडधंदा पुढे ओसरला. आपण गेलात तर या रेल्वेच्या पश्चिम टोकाच्या फोविंकेल स्थानकाहून बसावे: आधी गाडी रस्त्यावरून, घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना खेटून जाते आणि मग झोनबोर्नपाशी नदीवर येते.